भाऊबीजेच्या ताटातली गाडी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

सातारा परिसर, संभाजीनगर
चैत्र वद्य एकादशी, मंगळवार, ३ मे २०१६

तीर्थस्वरूप सौ. वन्संच्या पायांशी,

धाकटी भावजय द्वारका हिचा पदर डोक्यावर घेऊन नमस्कार. (पत्रात दिसत नाही, पण घेतलाय.) अण्णासाहेबांनाही माझा नमस्कार सांगावा. तुमचे गुडघे कसे आहेत? संक्रांतीला पाठवलेले डिंकाचे लाडू लागू पडले असतील तर कळवा, नसतील पडले तरी कळवा, कारण डिंक मी दुकान बदलून घेतला होता. अण्णासाहेबांची साखर आटोक्यात असावी, लाडवांचा डबा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नये. इकडं देवाच्या कृपेनं सगळं क्षेम आहे. क्षेम म्हणजे आमचा भाग शहरात धरला गेलाय, आजूबाजूला चार-चार मजल्यांची घरं उठलीत, रस्त्यांना नावं मिळालीत, नळ तेवढा यायचाय. बोअर सहाशे फुटांवर धूळ फेकतं. टँकर आठव्या दिवशी येतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही 'बरं बरं, ठेव आता' म्हणता आणि मी काही म्हणायच्या आत ठेवता. पत्र असं ठेवता येत नाही.

विषय तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हिमांशूनं घराण्याच्या ग्रुपवर टाकलंय की येत्या सोमवारी, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तो पुण्याहून सपाट पाठीचा ट्रक घेऊन येणार आणि आमच्या दारातली गाडी त्यावर चढवून नेणार. त्याखाली सतरा जणांनी अंगठे दाखवलेत. त्यातला एक अंगठा तुमच्या बंधूंचा आहे. (चष्मा नव्हता, म्हणतात.) तर वन्सं, वयानं आणि मानानं तुम्ही मोठ्या, तुमच्यापुढं आजवर आवाज चढवला नाही आणि आजही चढवत नाही, हळूच लिहिते: गाडी मिळणार नाही.

हिमांशू विसरला असेल म्हणून पहिल्यापासून लिहिते, त्याला वाचून दाखवा. अण्णासाहेबांचा चिकलठाण्याला कारखाना होता तेव्हा ही गाडी विलायतेहून जहाजानं आली. (कोणत्या कंपनीची ते मी लिहीत नाही. म्हाताऱ्या गाडीच्या दुखण्यांत तिच्या माहेरच्यांचा उद्धार करू नये.) आत लाकडी पट्ट्या, कातड्याच्या खुर्च्या, छताला काच, बटण दाबलं की खुर्ची मागं-पुढं, आणि डोंगर चढायला चारही चाकांना जोर. अण्णासाहेब तीत बसून घरून कारखान्यात जायचे आणि कारखान्यातून घरी यायचे. वाटेत डोंगर नव्हता. पुढं कारखाना विकला, पाच वर्षांमागं तुम्ही दोघं पुण्याला हिमांशूकडं राहायला गेलात, आणि त्याच्या सोसायटीत गाडीला जागा नव्हती. भंगारवाला आला, त्यानं टायरांचा भाव सांगितला, गाडीचा सांगितलाच नाही. तेव्हा तुम्हीच तुमच्या बंधूंना म्हणालात, "बद्री, ही ब्याद घेऊन जा रे बाबा." हे शब्द तुमचे आहेत, मी तिथंच बसून कोथिंबीर निवडत होते. रीतसर कागद झाले, गाडी ह्यांच्या नावावर चढली. आता हिमांशूला पुण्यात जुन्या गाड्या पाळणाऱ्यांचा मेळा भेटलाय. रविवारी सगळे एका टेकडीवर जमतात आणि एकमेकांच्या गाड्यांच्या पोटाखाली वाकून बघतात. तेव्हापासून ब्यादेचं वैभव झालं.

आता भाऊबीज. गेल्या भाऊबीजेला आम्ही तुमच्याकडं आलो तेव्हा निघतानाच मी ह्यांच्या झब्ब्याच्या खिशात हळदीकुंकवाचं बोट लावलेलं पाकीट घातलं होतं. तुमच्या घरी पोचल्यावर ह्यांनी चहा अंगावर सांडून घेतला आणि झब्बा बदलला. बदलताना किल्ली तेवढी आठवणीनं नव्या झब्ब्यात घातली, पाकीट जुन्यातच राहिलं. (किल्ली ह्यांच्या खिशात कशी, हेही आज सांगून टाकते. पुण्यापर्यंत गाडी मी चालवत आणली होती. तुमच्या फाटकाच्या वळणावर आम्ही जागा बदलल्या आणि किल्ली ह्यांनी खिशात टाकली, बहिणीच्या दारात मान राहावा म्हणून.) पाटावर बसले, तुम्ही ओवाळलंत, ह्यांनी खिशात हात घातला, आणि हाताला आली किल्ली. ओवाळणी घातल्याशिवाय पाटावरून उठू नये ही तुमच्या घराण्याची रीत, म्हणून ह्यांनी तात्पुरती म्हणून किल्लीच ताटात ठेवली. सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात. हिमांशू हसला नाही, त्यानं फोटो काढला. मागून मी पाकीट आणून दिलं, तुम्ही ते कपाळाला लावून घेतलंत आणि किल्ली परत दिलीत, नाहीतर आम्ही परत आलो कशानं? आणि चार महिन्यांनी, शिमग्याला, तो फोटो ग्रुपवर. खाली लिहिलेलं, 'मामानं आईला घातलेली ओवाळणी, आता घरी आणायची वेळ झाली.' त्याखाली तुम्ही हात जोडलेत. तिथं मला लागलं, वन्सं. त्या सतरा अंगठ्यांचं काही नाही.

आणि हिमांशूनं लिहिलंय की गाडी 'कंपनीतून निघाली तशी' पाहिजे. त्याला म्हणावं, कंपनीतून निघाली तशी तुझी मामीही राहिलेली नाही.

ही गाडी मुळात हवेवर उभी असायची. चाकांवर लोखंडी स्प्रिंगांच्या जागी रबरी फुगे होते. आमच्याकडं आली आणि वर्षभरात फुगे सुटायला लागले. सकाळी पूजेची फुलं तोडायला बाहेर यावं तर गाडी अंगणात पोट टेकून बसलेली. चालू केली की आधी मागून उठायची, मग पुढून, अगदी गोठ्यातल्या गाईसारखी. शेजारचे बन्सीराव रोज चहाचा कप घेऊन ते बघायला फाटकाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "वहिनी, चारा कमी पडतोय." शेवटी जिन्सीतल्या खाजाभाई मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खाली वाकून बघितलं, उठले, हात पुसले आणि म्हणाले, "काकी, ये गाडी नई, बीमार नवाब है. दवा कम लगती, मिजाज जास्ती संभालना पडता." मग त्यांनी माल वाहणाऱ्या टेंपोच्या स्प्रिंगा बसवल्या. आता गाडी बसत नाही. खड्डा आला की आतली माणसं उडतात, ती उडत नाही. (गाडीवर किती खर्च झाला विचारू नका. माझी हिशोबाची वही तुम्हाला माहीत आहे, काडेपेटीसुद्धा सुटत नाही. पण गाडीच्या पानांना मी कडेनं सुईदोऱ्याचे टाके घातलेत. नवरा-बायकोत उघडू नये असं एखादं पान असू द्यावं.)

मग त्या बटणाच्या खुर्च्या. दोन वर्षांमागं श्रावणात आम्ही वेरूळला घृष्णेश्वराला निघालो. हे चालवत होते. दौलताबादचा घाट सुरू झाला आणि ह्यांची खुर्ची आपोआप मागं जायला लागली. बटणाला कुणी हात लावला नव्हता. गाडी वर चढतेय आणि तुमचे बंधू हळूहळू आडवे होतायत, चाक हातात, नजर छताकडं, तोंडानं 'द्वारके, द्वारके'. मी त्यांना मानगुटीला धरून उभं केलं आणि तसंच धरून देवळापर्यंत नेलं. लोक वळून बघत होते, त्यांना वाटलं मी नवऱ्याला पकडून देवापुढं हजर करतेय. त्या दिवशी ह्यांची पाठ धरली ती धरलीच. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवणं बंद. सगळ्यांना वाटलं, चला, आता गाडी जाईल. मी मात्र गाडी शिकले.

होय, एकावन्नाव्या वर्षी. मॅट्रिक पास बाईला पाट्या वाचता येतात आणि घड्याळ कळतं, आणखी काय लागतं? शिकवायला संस्कृती नावाची बावीस वर्षांची पोर होती. पहिल्या दिवशी म्हणाली, "काकू, तो क्लच आहे, शिवणाचं मशीन नाही, सारखा मारू नका." मी म्हटलं, बाळ, त्याच मशीनवर मी घर चालवलंय. दीड महिन्यात लायसन. आपल्या गाडीत मला पुढचं दिसेना म्हणून खुर्चीवर जेवणाचा जुना पाट ठेवला. त्यावर बसलं की सगळं शहर आपल्या खाली दिसतं. पहिल्याच दिवशी बायपासला एका मोटारसायकलवाल्यानं काच ठोकून विचारलं, "मावशी, साहेब कुठायत?" म्हटलं, घरी भाजी निवडतायत. (निवडत होते. मेथी.)

आता गाडी कशाला पाहिजे ते ऐका, कारण इथं हिमांशूचा मेळा आणि मी वेगळे होतो. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. टँकर आला की आमच्या गल्लीत हंड्याला हंडा लागून शब्दाला शब्द लागायचा. कडूबाई, समोरच्या पत्र्याच्या घरातली, तिची सून बाळंत झाली तेव्हा बाळाला आंघोळ घालायला पाणी नव्हतं, तिनं माझ्याकडून तांब्याभर नेलं आणि संध्याकाळी रिकामा तांब्या घासून आणला, तोही राखेनं. त्या रात्री माझ्या देवाचा अभिषेक मला गोड लागला नाही. दौलताबादच्या पलीकडं माझ्या माहेरच्या नात्यातल्या साळूबाईचं शेत आहे, तिच्या विहिरीला अजून पाणी आहे. पण वाट कोरड्या ओढ्यातल्या वाळूतून. तिथं टँकर फसला होता, टेंपो फसला होता, एक बैलगाडीसुद्धा वैतागली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आपली गाडी त्या वाळूत घातली. दोन हात गेली आणि रुतली. मग खाजाभाईंनी दाखवून ठेवलेला गिअरशेजारचा आखूड दांडा मी दोन्ही हातांनी ओढला, खंडोबाचं नाव घेतलं, आणि वन्सं, चारही चाकं एकदम कामाला लागली. पलीकडच्या काठावर गाडी चढली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णासाहेबांच्या सगळ्या वर्षांत जो डोंगर तिला भेटला नाही, तो साळूबाईच्या शेतात भेटला.

साळूबाई काठी टेकत आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "द्वारके, ही गाडी हाय का माजघर?" पाण्याचे पैसे देऊ केले तर खवळली. "पाण्याचं पैशं घेऊ व्हय? मला दर सोमवारी घृष्णेश्वराला ने. आन म्होरं बसीन, मागं नाय." तेव्हापासून दर सोमवारी ती पुढं बसते, पाय वर घेऊन, काच खाली करून, आणि ओळखीचा माणूस दिसला की मला म्हणते, "थांबीव, त्याला मला बघू दे."

मागच्या खुर्च्या काढून तिथं पाचशे लिटरची टाकी बसवली, मागच्या दाराला पितळी तोटी. आणि कातडं सगळं उतरवलं. अहो, देवाच्या अभिषेकाचं पाणी मी कातड्याशेजारून आणू? पुढच्या खुर्च्यांवर आता वाकळ आहे, माझ्या जुन्या लुगड्यांची, कडूबाईनं शिवलेली. हिमांशूनं कातड्याची खास चौकशी केलीय, म्हणे हल्ली तसं मिळत नाही. त्याला सांगा, ह्यांच्या आणि बन्सीरावांच्या चपला झाल्यात, टाचेला थोड्या झिजल्यात, पाहिजे असतील तर मिळतील. छताची काच गारपिटीत गेली, तिथं पत्रा आहे, आणि त्या पत्र्यावर सध्या माझ्या कुरडया वाळतायत. एवढी उंच, सपाट, मांजर न चढणारी जागा अख्ख्या शहरात नाही. आठवड्यातून दोन खेपा, सोमवार आणि गुरुवार, आठ घरं. कडूबाईच्या नातीचं बारसं ह्या पाण्यावर झालं. ती गाडी टेकडीवर नेऊन तिच्या पोटाखाली वाकून बघायची? आमच्याकडं आठ घरांचे हंडे तिच्यापुढं वाकतात.

तरीही मी देवाधर्माची बाई आहे. ताटात पडलं ते बहिणीचं, हे काही मला नाकारता येईना. पंधरा दिवस माळ ओढत होते पण जप लागत नव्हता. शेवटी खंडोबाच्या देवळातल्या गुरुजींना घरी जेवायला बोलावलं, पुरणाचा घाट घातला आणि सगळं सांगितलं. त्यांनी दुसरी पोळी संपवून विचारलं, "ताटात नेमकं काय पडलं?" म्हटलं, किल्ली. "ती ताटात मावली?" मावली. "आणि गाडी?" म्हटलं, गुरुजी, ती आमच्या फाटकातही नीट मावत नाही. तेव्हा त्यांनी हात धुतला आणि निवाडा दिला, "जे ताटात पडलं ते बहिणीचं. जे ताटात मावत नाही, त्याबद्दल शास्त्र गप्प आहे."

म्हणून ह्या पत्रासोबत किल्ली पाठवत आहे. खणात गुंडाळली आहे, हळदीकुंकू लावलं आहे. ती तुमची, तुम्ही देव्हाऱ्यात ठेवा नाहीतर तिजोरीत. आमची हरकत नाही. फक्त त्या किल्लीनं गाडी चालू होत नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर खाजाभाईंनी किल्लीचं भोक बुजवलं आणि दुसरीकडं दाराच्या घंटेची कळ बसवली. कळ दाबली की गाडी चालू. ती कुठं आहे ते मी, हे आणि खाजाभाई, तिघांनाच माहीत. हिमांशूनं सोमवारी खुशाल यावं, आंबरस करते, पोटभर जेवावं आणि ट्रक आणला तसा न्यावा. आणायचाच असेल तर टाकीभर पाणी आणावं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि हिमांशूला ह्यातलं जे लागू पडेल ते.

तुमची
सौ. द्वारका

ता. क. हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ताईला एवढं कडक?" मी म्हटलं, मग तुम्ही गोड लिहा. त्यावर पाठ दुखते म्हणाले. तरी वर कोपऱ्यात पेन्सिलीनं 'ब.' काढलाय तो त्यांचा पाठिंबा समजावा.

ता. क. २. आज एकादशी, आज मी खोटं बोलत नाही, म्हणून लिहिते. गाडी सध्या चार विटांवर आहे. शनिवारी जादा खेप करायला गेले, ओढ्यातल्या खडकावर आपटली आणि पुढच्या चाकांना जोर देणारा पोटाखालचा दांडा मधोमध तुटला. खाजाभाईंनी जिन्सीतल्या साऱ्या भंगारात शोधला, मिळाला नाही. मिळेपर्यंत गाडी चालूसुद्धा करायची नाही म्हणालेत. काल सोमवारची खेप चुकली. साळूबाई सकाळपासून बांधावर बसून होती म्हणे. आठ घरांचे हंडे माझ्या ओसरीवर रांगेत उभे आहेत, मोकळे. हिमांशूनं ट्रक आणला तर गाडी काही विरोध करणार नाही, तिला करता येणार नाही. बाकी वर लिहिलेलं सगळं तसंच आहे.

ता. क. ३. तसाच दुसरा दांडा तुमच्या घरात आहे. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत, तुमच्या मोरपंखी शालूच्या खाली, अण्णासाहेबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला, कोराकरकरीत. गाडी आम्हाला दिली तेव्हा तेवढा त्यांनी मागं ठेवून घेतला. मला कसं ठाऊक? त्यांनीच एकदा सांगितलं. वन्सं, रागावू नका. दर गुरुवारी सकाळी तुम्ही भजनाला गेलात की त्यांचा फोन येतो. मी गाडी चालू करते आणि फोन इंजिनाजवळ धरते. ते पाच मिनिटं नुसतं ऐकतात, एक शब्द बोलत नाहीत. मग म्हणतात, "डावीकडचा पट्टा सैल झालाय, खाजाला सांग," आणि ठेवतात. एकदाही चुकले नाहीत. घंटेच्या कळेची युक्तीही त्यांचीच. तर एवढंच मागणं आहे: ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा असते. हिमांशूशेजारी अण्णासाहेबांना बसवा, गोळ्या बरोबर द्या, दांडा त्यांच्या मांडीवर द्या, आणि चार दिवस त्यांना आमच्याकडं राहू द्या. आणि हे पत्र त्यांना मात्र वाचून दाखवू नका. परवा गुरुवार आहे. त्यांचा फोन येईल, आणि मला त्यांना ऐकवायला काही नाही.